गवताचं बी

चाळणकाकूंना राग येतो असं म्हणणं म्हणजे विहिरीला कधीकधी पाणी येतं असं म्हणण्यासारखं होतं. येण्याजाण्याचा प्रश्नच नव्हता. राग त्यांच्याकडे वस्तीलाच होता. सकाळी तो काकूंच्या आधी उठायचा, आणि पहिलं गिऱ्हाईक शेडच्या दारात पोतं टेकवेपर्यंत त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर ऐसपैस बसलेला असायचा. गावाला त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या दिवशी काकू गोड बोलल्या, तर माणसं घरी जाऊन काळजीनं सांगत, "काकूंची तब्येत काही बरी दिसत नाही."

काकूंचा धंदा बियाणं चाळून देण्याचा. गावाच्या चारी बाजूंनी शेती, आणि पेरणी जवळ आली की प्रत्येकाची पोती काकूंच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. शेडमध्ये एक अवाढव्य यंत्र होतं. त्याच्या माथ्यावर धान्य ओतायचं. मग आतल्या चाळण्या थडथडायला लागायच्या, पंखा फुंकायला लागायचा, आणि एका तोंडातून टपोरं, निवडक बियाणं बाहेर पडायचं. दुसऱ्या तोंडातून पडायचा तो शेतकऱ्याचा खरा स्वभाव : खडे, फुटके दाणे, भुसा आणि गवताचं बी. यंत्राचा आवाज असा, की शेडमध्ये बोलायचं म्हणजे ओरडायचंच. त्यामुळे दुसऱ्यांचा भांडणाचा आवाज तो काकूंचा साधा आवाज होता, आणि काकूंचा भांडणाचा आवाज ऐकला की कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या हातून ट्रे निसटायचा.

यंत्राच्या माथ्यावर पोती रिकामी करायचं काम काकूंच्या नवऱ्याचं. इतकी वर्षं त्या थडथडाटाशेजारी काढून त्याला ऐकायला कमी येऊ लागलं होतं. "आमचा संसार सुखाचा झाला तो तेव्हापासून," असं तो सांगे. सांगताना मात्र एकदा मागं वळून बघून घेई.

यंत्र वडिलांचं. ते गेल्यावर धाकट्या भावानं जमीन ठेवून घेतली आणि ताईच्या वाट्याला यंत्र दिलं. देतानाचा चेहरा असा, की फुटकी बादली खपली एकदाची. काकूंनी त्या फुटक्या बादलीवर दोन मुलींची लग्नं केली, घरावर स्लॅब टाकला, आणि सगळ्या गावाच्या बांधांची झडती घ्यायचा हक्क मिळवला.

"काय रे, बांधावर जंगल पाळलंयस का?" पोत्यात हात खुपसून त्या गरजत.

"काकू, यंदा जरा हयगय झाली..."

"जरा? ही रानमोहरी. ही कुसळी. आणि हा बघ, हा सराटा! अरे, तू गहू आणलायस, का गवत आणून त्यात चवीपुरता गहू टाकलायस?"

सराटा म्हटला की काकूंचा आवाज एक पट्टी वर जायचा. जमिनीला चिकटून पसरणारी ही वेल दिसायला मोठी गरीब; बारीक पानं, इवलीशी पिवळी फुलं. पण फूल गळून बोंड वाळलं, की त्याचे चहूबाजूंनी काटे होतात. कसंही पडलं तरी एक काटा आभाळाकडे. ते बैलाच्या खुरात जातं, ट्रॅक्टरच्या टायरात जातं, चपलेच्या तळव्यात जातं, आणि फुकटात गावभर हिंडून शेजाऱ्याच्या शेतात उतरतं. एकदा उतरलं की खुरपणाऱ्याच्या बोटांना विचारावं. म्हणून काकू चाळणीखालचं हे सगळं बी वेगळ्या पोत्यांत भरत, तोंड शिवत, कुणी चुकून गुरांना घालू नये म्हणून त्यावर खडूनं ठसठशीत अक्षरात ‘गवताचं बी’ असं लिहीत, आणि शेडमागच्या खड्ड्यात नेऊन पेटवून देत. कमरेवर हात ठेवून त्या जाळाकडे बघत उभ्या राहत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे त्याला समाधान म्हणायला हरकत नव्हती.

धाकटा भाऊ आता गावसमितीचा अध्यक्ष झाला होता. माणूस अंगानं भारदस्त, आवाज खर्जातला, चालणं असं की दरवाज्यानं बाजूला व्हावं. सारा गाव त्यांना ‘अध्यक्ष’ म्हणायचा. फक्त काकू भर रस्त्यात "ए छोट्या!" अशी हाक मारत, आणि अध्यक्ष तेवढ्यापुरते खरोखरच छोटे होत.

तर हे अध्यक्ष एकदा सासुरवाडीला गेले आणि येताना डोक्यात किडा घेऊन आले. तिकडे त्यांनी चाकांवरची घरं बघितली. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, गाडीतच संडास. नवरा-बायको आणि कुत्रं असा सगळा संसार गाडीत घालून लोक नुसते फिरतात, आणि संध्याकाळ झाली की कुठेतरी मुक्काम टाकतात.

"त्यांना लागतं काय?" अध्यक्षांनी सभेत सांगितलं. "सपाट जागा, पाण्याचा नळ, सांडपाणी सोडायला एक गटार, आणि सकाळी ताजा पाव. आपल्याकडे सगळं आहे. फक्त ते नाहीत. अहो, एवढा मोठा रस्ता गावातून जातो, पण आजवर आपल्या गावात थांबलं कोण? ज्याची गाडी बंद पडली तो!"

बेकरीवाल्यानं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मुक्कामासाठी जागाही मिळाली : काकूंच्या शेडमागचं समितीचं पडीक मैदान. काकूंना हे कळलं ते सपाटीकरणाचं यंत्र त्यांच्या खड्ड्याच्या काठावर येऊन उभं राहिलं तेव्हा.

"छोट्या! माझा खड्डा!"

"ताई, नवा करून देतो की. याच्यापेक्षा खोल."

"कधी?"

"अगं, हे उरकलं की लगेच."

‘लगेच’ हा अध्यक्षांचा आवडता शब्द. तो त्यांनी वापरला की समजावं, आता काही होत नाही. खड्डा बुजला, नवा झाला नाही. शेडमागं न जाळलेल्या पोत्यांची थप्पी चढत गेली, आणि प्रत्येक पोत्यावर काकूंचं अक्षर : ‘गवताचं बी’.

मैदान सपाट झालं, कुंपण झालं, एक फाटक झालं. पण नुसत्या मातीवर पाहुणे कसे यायचे? अध्यक्षांना तिथं हिरवळ हवी होती. मऊ, मखमली, अनवाणी चालावं अशी. त्यांनी शहरातून हिरवळीचं बी मागवलं. ते आलं त्या दिवशी समितीच्या कार्यालयाला कुलूप होतं, म्हणून गाडीवाल्यानं पिशव्या काकूंच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात उतरवल्या. काकू गिऱ्हाइकाशी भांडत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

अध्यक्षांनी टँकरवाल्याला फोन केला. हा टँकरवाला समितीचं पाणी वाटायचा आणि सांगितलेलं काम मान डोलावून करायचा. विचारायची खोड त्याला नव्हती.

"ताईच्या शेडवर गवताचं बी आलंय," अध्यक्ष म्हणाले. "सगळं मैदानात पेर आणि रोज पाणी मार."

आता या भागात ‘गवत’ या शब्दाचा अर्थ सांगायला हवा. शहरातला माणूस गवत म्हटलं की त्यावर लोळायला बघतो. इथला माणूस गवत म्हटलं की खुरपं शोधतो. पेरलं नाही आणि उगवलं, ते सगळं गवत. फुलं आली तरी गवत, काटे आले तरी गवत, कमरेएवढं झुडूप झालं तरी गवतच. अध्यक्ष सासुरवाडीहून नवा अर्थ शिकून आले होते, पण तो त्यांनी टँकरवाल्याला शिकवला नव्हता. टँकरवाला शेडमागं गेला. समोर पोत्यांची थप्पी, आणि प्रत्येक पोत्यावर लिहिलेलं. वाचता येणाऱ्या माणसाला आणखी काय लागतं? त्याला मनात जरा नवल वाटलं, पण अध्यक्ष म्हटले की काहीतरी विचार असणारच. काकू त्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. काकूंचा नवरा शेडमध्येच होता. टँकरवाल्यानं दारातून ओरडून काहीतरी सांगितलं, त्यानं हसून मान हलवली.

काकूंच्या अख्ख्या हंगामाच्या रागानं वेचून काढलेलं सगळं तण, निवडून, वाळवून, मोकळ्या हातानं फेकलं गेलं. वर रोज टँकरचं पाणी. इतकं लाडाचं पाणी गावातल्या गव्हालाही कधी मिळालं नव्हतं.

ते उगवलं, आणि काय उगवलं! हिरवागार गालिचा. अध्यक्ष खूश. पहिली चाकांवरची घरं आली. रस्त्यापलीकडच्या कांदेवाल्यानं पाठीवर घर घेऊन येणाऱ्या त्या गाड्यांचं नाव ‘गोगलगाई’ ठेवलं, आणि तेच चिकटलं. गोगलगाईंमधून माणसं उतरली, खुर्च्या मांडून बसली, आणि काकूंच्या यंत्राचा आवाज ऐकून दचकली. "गावाकडची शांतता म्हणून आलो होतो हो," असं एकीनं अध्यक्षांना सांगितलं, आणि अध्यक्ष ताईला विनंती करायला आले, की नाश्ता होईपर्यंत यंत्र लावू नकोस.

"कुणाचा नाश्ता?" काकूंनी विचारलं. "त्यांचा, का माझा?"

बोलता बोलता त्यांची नजर मागच्या दारातून मैदानावर गेली. कुंपण झाल्यापासून त्यांनी रुसून त्या बाजूचं दार उघडलं नव्हतं. त्या तशाच बाहेर गेल्या, खाली वाकल्या, एक रोपटं मुळासकट उपटलं आणि सरळ झाल्या. तोंड उघडं, पण शब्द नाही. नवरा घाबरून यंत्रावरून खाली उतरला. त्यानं बायकोला गप्प असलेलं त्याआधी फक्त झोपेत बघितलं होतं.

"सराटा," शेवटी त्या म्हणाल्या. अगदी हळू. मग दुसरं उपटलं. "कुसळी. सराटा. रानमोहरी. सराटा, सराटा, सराटा! छोट्या, हे काय आहे?"

अध्यक्षांनी बुटाच्या टोकानं एक वेल चाचपली. त्यांचा चेहरा पडला. पण पडलेला चेहरा उचलून परत लावायची सवय असल्याशिवाय माणूस अध्यक्ष होत नाही.

"हिरवळ आहे," ते म्हणाले. "जरा वेगळ्या जातीची."

काकू शेडमध्ये धावल्या. कोपऱ्यात शहरातल्या पिशव्या, न फोडलेल्या. शेडमागं जमीन मोकळी. टँकरवाल्याला बोलावलं. त्यानं शपथेवर सांगितलं, की ज्यावर ‘गवताचं बी’ लिहिलं होतं तेच त्यानं पेरलं, एक पोतंही चुकवलं नाही.

"आणि पोत्यावर अक्षर कुणाचं होतं, ताई?" अध्यक्षांनी विचारलं.

अक्षर काकूंचं होतं. सुवाच्य. चूक होऊ नये म्हणून मुद्दाम काढलेलं. त्या क्षणी त्यांना जगात ज्या कुणाचा राग होता त्या रांगेत त्यांनी स्वतःलाही उभं केलं, आणि मग रांगेतल्या बाकीच्यांना दुप्पट रागानं धरलं.

"उपट सगळं. आज. फूल धरायच्या आत."

"लगेच उपटतो," अध्यक्ष म्हणाले.

झालं. फूल धरलं. पिवळी फुलं अशी आली, की मैदानावर कुणी हळदीचं पोतं उसवलं असावं. मधूनमधून रानमोहरीचे तुरे, वाऱ्यावर चमकणारी कुसळी. गोगलगाईवाले वेडे झाले. त्यांनी जमिनीवर पालथं पडून फोटो काढले, ते एकमेकांना पाठवले, आणि ते बघून आणखी गोगलगाई आल्या. बेकरीवाल्यानं दुसरी भट्टी लावली. ‘फुलांचा मुक्काम’ असं नाव कुणीतरी दिलं, आणि अध्यक्षांनी ते मोठ्या मनानं स्वीकारलं.

काकू रोज जात. रोज विचारत. रोज नवं कारण मिळे. उद्या एक मोठा जथा येतोय, तो गेला की लगेच. परवा समितीची बैठक आहे, तिच्यात ठराव झाला की लगेच. कांदेवाल्याचं शेत फाटकासमोरच होतं. तो बिचारा काकूंच्या पाठीमागं उभा राहून हो हो करी, पण त्याचे कांदेही गोगलगाईवालेच टोपल्या भरभरून नेत होते, त्यामुळे त्याचा हो तोंडातल्या तोंडात राही. सगळ्या गावाला सराटा ओळखता येत होता. शाळेतल्या पोरालाही येत होता. आणि सगळा गाव कुंपणापाशी उभा राहून, "काय सुंदर दिसतंय हो!" म्हणत होता. काकूंना संताप होता तो याचा. न कळणाऱ्याला शिकवता येतं. ज्याला कळतंय आणि जो पाव विकायला मिळतोय म्हणून डोळे मिटतोय, त्याचं काय करायचं?

शेवटी एका सकाळी खुरपं घेऊन त्या एकट्याच मैदानात उतरल्या आणि बसून खुरपू लागल्या. जवळच्या गोगलगाईतून टोपी घातलेले एक आजोबा बाहेर आले. बरोबर त्यांचं झिपरं, पांढरं कुत्रं.

"अहो बाई, काय करताय? ही फुलं कुणाचं काय बिघडवतायत?"

"अजून नाही बिघडवत. बिघडवतील."

"निसर्ग आहे हो. त्याला त्याच्या मनासारखं वाढू द्यावं माणसानं."

"तुमच्या अंगणात वाढू द्या. रोपं देऊ का? फुकट देते. पोतं भरून देते!"

आजोबांनी अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्षांनी सगळ्या पाहुण्यांसमोर ताईच्या हातातून खुरपं काढून घेतलं. "आमच्या ताईचा स्वभाव जरा तापट आहे," ते हसत म्हणाले, आणि पाहुणेही हसले. काकू उठल्या. शेडमध्ये गेल्या आणि यंत्र चालू केलं. त्या दिवशी चाळायला काही नव्हतं. यंत्र रिकामंच थडथडत राहिलं, दुपारपर्यंत.

मग ऊन तापलं. टँकरचं पाणी कमी पडू लागलं. फुलं गळली, बोंडं वाळली, आणि एका सकाळी मैदानातून पहिली किंकाळी आली.

एक मूल अनवाणी धावत खाली उतरलं होतं. त्याला उचलायला त्याची आई धावली, तीही अनवाणी. पलीकडे टोपीवाले आजोबा सायकलवर बसून पाव आणायला निघाले, आणि फाटकापर्यंत पोचायच्या आत सायकलची दोन्ही चाकं फुसकन बसली. कुत्रं तीन पायांवर उभं राहून चौथा पाय आजोबांना दाखवत होतं. पोटाखालच्या केसांत कुसळीचे गुंते, शेपटीत सराटे. प्रत्येक गोगलगाईच्या पाठीला बांधून सायकली आल्या होत्या, आणि त्या सकाळी खाली उतरवलेल्यांपैकी हवा धरलेली एकही सायकल उरली नव्हती.

निसर्गाचं प्रेम आटलं. "फसवणूक आहे ही!" "जाहिरातीत काटे दाखवले नव्हते!" खुर्च्या घडी झाल्या, दोऱ्यांवरचे कपडे ओढले गेले, इंजिनं सुरू झाली. सगळ्या गोगलगाई एकदम फाटकाकडे वळल्या.

काकू शेडच्या मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. इतके दिवस हेच तर त्यांना हवं होतं : यांनी जावं. आणि तेवढ्यात त्यांना पहिल्या गाडीचं चाक दिसलं. टायरच्या प्रत्येक खाचेत सराटे. ठोकून बसवल्यासारखे. गाडी फाटकाबाहेर पडणार, कांदेवाल्याच्या शेताला घासून वळणार, मग गव्हाची शेतं, मग पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. गावानं पिढ्यानपिढ्या जे वाकून वाकून वेचलं, ते दुपारपर्यंत चाकांवर बसून फिरायला निघणार होतं.

"अहो!" त्या ओरडल्या. "ट्रॅक्टर! फाटकात आडवा!"

नवऱ्याला जेवायची हाक तिसऱ्यांदा मारल्यावर ऐकू यायची. ही त्याला पहिल्याच झटक्यात ऐकू आली. शेडपुढे उभा असलेला, पोती आणायचा ट्रॅक्टर धडधडत गेला आणि फाटकात आडवा उभा राहिला. काकू त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हात पसरून. त्यांच्या डोक्यावर समितीची नवी पाटी होती. तिच्यावर एकच शब्द होता, ‘थांबा’. मुक्कामाची जागा दाखवायला लावलेली ती पाटी आज पहिल्यांदा रागावल्यासारखी दिसत होती.

पहिल्या गाडीचे टोपीवाले आजोबा खाली उतरले. "बाजूला व्हा! तुम्हीच आम्हाला घालवायला निघाला होतात ना?"

"होते. अजून आहे. पण आत्ता नाही. चाकं साफ झाल्याशिवाय इथून कोणी हलणार नाही."

"मी पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा. त्यांच्या गाडीचीही चाकं बघते."

मागून भोंग्यांचा गदारोळ. अध्यक्ष धापा टाकत आले. "ताई, सोड त्यांना. लोकांसमोर तमाशा नको. आपण नंतर बोलू, अगदी लगेच..."

हा शब्द त्यांनी त्या दिवशी वापरायला नको होता.

"छोट्या," काकू म्हणाल्या, आणि बेकरीवाल्याच्या दुकानात ट्रे पडल्याचा आवाज आला. "पेरलं टँकरवाल्यानं. चुकून पेरलं. पोत्यावर लिहिलं मी. तीही चूकच. पण तू? तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस. सराट्याचं दुसरं पान फुटायच्या आत तुला तो ओळखू येतो. तुला पहिल्या दिवशी कळलं होतं. कळूनसवरून त्याला रोज पाणी घातलंस. त्याचे फोटो काढवून घेतलेस. त्याचं कौतुक ऐकून मान तुकवलीस! आणि तुम्ही," त्या कुंपणाबाहेर जमलेल्या गावाकडे वळल्या, "तुम्ही काय बघताय? पेरणीला पोती कुणाकडे आणणार आहात? माझ्याकडेच ना? मी आयुष्यभर तुमचं गवत काढत बसायचं, आणि तुम्ही ते कुंपण घालून वाढवायचं? जा, आणा घरातून काय असेल ते. स्क्रूड्रायव्हर, टोचा, दाभण, जुने ब्रश. आणि तू, कांदेवाल्या, तू काय तोंडातल्या तोंडात बोलतोयस? मोठ्यानं बोल!"

"ताडपत्री आणतो म्हटलं," कांदेवाला म्हणाला, आणि पळाला.

ताडपत्री फाटकात अंथरली गेली. ट्रॅक्टर थोडा मागं सरकला. एकेका गोगलगाईनं ताडपत्रीवर यायचं, तिथं उभं राहायचं, आणि गावानं तिच्या चाकांना भिडायचं. बेकरीवाला पालथा पडून मागचं चाक कोरत होता. शाळेच्या बाईंनी पायपुसणी झटकायला घेतली. टँकरवाल्याला काकूंनी कुत्र्याजवळ बसवलं. तो न विचारता कुसळी वेचत राहिला. टोपीवाले आजोबा आधी लांब उभे राहिले, मग वाकून बघू लागले, मग गुडघ्यावर बसले.

"हा बघा, इथं एक राहिलाय," ते काकूंना म्हणाले.

"मग काढा की. मला काय दाखवताय?"

आजोबांनी काढला. बोट टोचून घेतलं, शिवी दिली, आणि पुढच्या खाचेत दाभण घातलं. त्यांची चारही चाकं साफ झाली तेव्हा काकू जमिनीवर आडव्या होऊन एकेक बघून आल्या, आणि उठून म्हणाल्या, "जा."

"पुन्हा कधी यायचं, मग?" आजोबांनी उगाच विचारलं.

"हिरवळ उगवली की. खरी," काकू म्हणाल्या. हे आमंत्रण आहे की धमकी, ते आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

अध्यक्ष एका मोठ्या गोगलगाईखाली शिरले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून अधूनमधून "आई गं" ऐकू येत होतं. पाहुण्यांनी जाताना त्यांना जे काही सुनावलं, ते त्यांनी खालूनच ऐकून घेतलं. वर यायची त्यांना घाई दिसली नाही.

शेवटची गाडी गेली तेव्हा उन्हं कलली होती. ताडपत्रीवर सराट्याचा ढीग. मग काकूंनी सगळ्यांना मैदानात उतरवलं. खुरपी, कुदळी, ट्रॅक्टरचा फाळ. वेली मुळासकट निघाल्या, ओढून एका जागी आणल्या गेल्या, आणि पेटल्या. गेल्या आठवड्यात, परवा, काल जे गेले त्यांच्या चाकांबरोबर किती गेलं असेल, ते सगळ्यांना माहीत होतं. काकूंनाही. जाळाकडे बघून या वेळी त्यांचा चेहरा जराही सैल झाला नाही. पुढच्या वर्षी पोत्यांतून काय पडणार हे त्यांना आताच दिसत होतं, आणि त्यासाठी लागणारा राग त्या आत्तापासून साठवत होत्या.

माणसं पांगली. जाणाऱ्या प्रत्येकाच्या चपला काकूंनी फाटकात बघितल्या. अध्यक्ष सगळ्यात शेवटी निघाले. कपडे मातीनं माखलेले, हाताची बोटं सुजलेली. ताईकडे न बघता त्यांनी फाटक ओलांडायला पाऊल उचललं.

"कुठं चाललास?"

"घरी."

"बूट?"

अध्यक्षांनी बूट वर करून तळवा बघितला. मग मुकाट्यानं ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले. काकूंनी समोर बसकण मारली, त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला, दाभण घातलं, आणि एकेक सराटा उचकटत त्यांना बोलायला लागल्या, जमिनीच्या वाटणीपासून.

"ताई, जरा हळू," अध्यक्ष कळवळले. "खालून टोचतंय."

"टोचू दे. दुसरा पाय अजून व्हायचाय."